मत मागायला येणाऱ्यांना काय विचाराल?

लोकसभेचा प्रचार सुरू झाला की गावोगाव आणि वॉर्डावॉर्डात उमेदवारापुढे मागण्यांचे कागद येतात. समाजमंदिराला शेड, चौकात हायमास्ट दिवा, गल्लीत पेव्हर ब्लॉक, वेशीवर कमान. या मागण्या खऱ्या असतात आणि कित्येकदा निकडीच्याही असतात. पण त्यातली जवळजवळ एकही लोकसभेत सुटणारी नसते. ती कामं ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची, फार तर जिल्हा परिषदेची. उमेदवार त्यांना लगेच ‘हो’ म्हणतो, कारण त्या होकारासाठी त्याला कुठलीच भूमिका घ्यावी लागत नाही. ज्या गोष्टी खरोखर दिल्लीत ठरतात, त्यांबद्दल मात्र त्याला कोणी विचारत नाही. कांदा परदेशी जाणार की नाही, उसाला किमान दर किती, कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला पेन्शन किती, सह्याद्रीत खाणी चालणार की थांबणार, हे सगळं विचारायचं राहून जातं.

हा लेख अशा राहून गेलेल्या प्रश्नांविषयी आहे. पाच वर्षांत ज्यांचा निकाल लागत नाही, पण आपल्या पुढच्या तीस वर्षांवर ज्यांचा परिणाम होतो, ते प्रश्न कसे निवडायचे, कोणत्या शब्दांत विचारायचे आणि मतदानानंतर त्यांचा पाठपुरावा कसा करायचा, ते पाहू.

राजापूरच्या मतदारांनी काय केलं

लांब पल्ल्याचा प्रश्न निवडणुकीत टिकत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. कोकण रेल्वेचा इतिहास वेगळं सांगतो. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७१ साली निधन होईपर्यंत राजापूरचे खासदार होते आणि कोकणात रेल्वे आणण्याचा आग्रह त्यांनी लोकसभेत सातत्याने धरला. त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते त्याच मतदारसंघातून निवडून आले आणि १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षं खासदार राहिले. मधल्या काळात, १९७७ मध्ये, ते रेल्वेमंत्री झाले. १९८९ च्या सरकारात ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रायगडपासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा ओलांडून मंगळूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला. तेव्हा नाथ पैंना जाऊन २७ वर्षं झाली होती आणि दंडवतेही लोकसभेत नव्हते.

हे दोघेही बहुतेक काळ विरोधी बाकांवरच बसले. तरी राजापूरच्या मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. वैयक्तिक कामापेक्षा संसदेतलं काम पाहून मत देणारा मतदार असेल, तर खासदारालाही चाळीस वर्षांचा प्रश्न हाती घेण्याचं बळ येतं. म्हणून सुरुवात मतदारापासून करायला हवी.

आधी प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला ते पाहा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, आयात-निर्यात, सीमाशुल्क, आयकर आणि जनगणना हे केंद्राचे विषय. शेती, सार्वजनिक आरोग्य, पोलीस आणि पाणी हे राज्याचे. शिक्षण आणि वनं १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती यादीत आली. आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडे आहे.

ही विभागणी माहीत असली की दोन गोष्टी साधतात. एक, चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारला जात नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: ‘हा राज्याचा विषय आहे’ असं म्हणून कोणी अंग काढून घेऊ लागला तर त्याला अडवता येतं. शेती राज्याचा विषय आहे हे खरं. पण हमीभाव केंद्र सरकार जाहीर करतं, खतांचं अनुदान केंद्र देतं, निर्यातबंदी केंद्र घालतं आणि खाद्यतेलावरचं आयातशुल्कही केंद्रच ठरवतं. शेतकऱ्याच्या नफ्यातोट्याचा मोठा भाग दिल्लीत ठरतो.

आणखी एक हिशेब करून पाहा. खासदाराला स्थानिक विकास निधी मिळतो वर्षाला ५ कोटी, म्हणजे पाच वर्षांत २५ कोटी रुपये. महाराष्ट्रातल्या प्रत्येक लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे एका विधानसभा मतदारसंघाच्या वाट्याला पाच वर्षांत चार कोटींच्या आसपास. याच खासदाराचं मत केंद्राच्या अर्थसंकल्पावर पडतं आणि २०२४-२५ चा तो अर्थसंकल्प ४८ लाख कोटी रुपयांचा होता. आपण त्याला चार कोटींचा जाब विचारतो आणि ४८ लाख कोटींबद्दल गप्प बसतो. हे बदलायला हवं.

चांगल्या प्रश्नाच्या चार कसोट्या

पहिली: निर्णय संसदेच्या किंवा केंद्र सरकारच्या हातात असावा. दुसरी: प्रश्नात एक आकडा किंवा एक तारीख असावी, म्हणजे उत्तर तपासता येईल. तिसरी: पहिल्या वर्षात काय करणार, हे विचारलेलं असावं. तीस वर्षांच्या प्रश्नालाही पहिलं वर्ष असतंच, आणि ‘दीर्घकालीन धोरण आखू’ या उत्तराची पळवाट तिथेच बंद होते. चौथी: पैसा कुठून येणार आणि कोणाला तोशीस पडणार, हे उमेदवाराला सांगावं लागेल.

‘पाण्याचा प्रश्न सोडवणार का?’ हा प्रश्न चारही कसोट्यांवर नापास होतो, कारण त्याला ‘हो’ म्हणून कोणीही पुढे जाऊ शकतो. पुढे काही विषय आणि त्यांवर विचारता येतील असे प्रश्न दिले आहेत. आपल्या भागाप्रमाणे ते बदलून घ्या.

शेतमालाचं आयात-निर्यात धोरण

कांद्याचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. ही बंदी मार्चअखेरपर्यंत असल्याचं सांगितलं होतं, ती पुढे वाढवली. मग ४ मे २०२४ रोजी, ऐन निवडणुकीत, बंदी उठली; पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क या अटींसह. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे रोजी होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

वीस महिन्यांत किमान पाच वेळा नियम बदलले. आता हे लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. दर पडले तर तो थोडा थांबू शकतो. डिसेंबरात येणारा लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. त्याच महिन्यात बंदी आली, तेव्हा मिळेल त्या दराला माल देण्यावाचून त्याला इलाज नव्हता. रोप टाकताना त्याने धरलेला हिशेब काढणीच्या वेळी सरकारनेच मोडून टाकला होता.

शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, ही मागणीही रास्त आहे. दोघांचाही विचार करणारं, पेरणीआधी जाहीर होणारं धोरण असू शकतं की नाही, हा खरा प्रश्न आहे. नुसती ‘निर्यातबंदी उठवा’ ही मागणी त्या हंगामापुरती असते. लांब पल्ल्याचा प्रश्न असा विचारावा:

‘साहेब, कांद्याच्या निर्यातीचे नियम हंगामाच्या मध्यावर बदलणार नाहीत, दर अमुक पातळीच्या वर गेले तरच हस्तक्षेप होईल आणि ती पातळी पेरणीआधी जाहीर होईल, असा कायदा तुम्ही मागणार का? आणि ग्राहकासाठी भाव रोखायचे असतील, तर त्याचा बोजा शेतकऱ्याऐवजी सरकारी तिजोरीने उचलावा, याला तुमचा पाठिंबा आहे का?’

लातूर, धाराशिव किंवा विदर्भात कांद्याच्या जागी सोयाबीन आणि तूर घाला. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीतून भागते. तेलावरचं आयातशुल्क कमी झालं की सोयाबीनच्या दरावर दाब येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क वाढवलं आणि मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं पुन्हा कमी केलं. तुरीच्या आयातीला मे २०२१ पासून मोकळीक मिळाली आणि तिला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली. तेलबिया आणि डाळींत देश स्वयंपूर्ण करण्याचं आश्वासन प्रत्येक जाहीरनाम्यात असतं. उमेदवाराला विचारा, की त्या आश्वासनाशी हे आयातशुल्क जुळतं का.

पाणी: पीक, दर आणि भूजल

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्या वर्षीचा दुष्काळ मोठा होता, पण नुसत्या पावसाकडे बोट दाखवून भागत नाही. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी मुरायला आणि साठायला जागा कमी. अशा जमिनीवर कोणतं पीक किती घ्यायचं, हा जगण्याचा प्रश्न आहे.

आणि तिथे पुन्हा दिल्ली येते. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३४० रुपये होता. कारखान्याला हा दर देणं कायद्याने बंधनकारक आहे. ज्वारी, तूर, हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण सरकारी खरेदी होईलच याची खात्री नसते. शेतकरी खात्रीच्या पिकाकडे वळला तर त्यात त्याचा काय दोष? पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट केंद्राने २०३० वरून २०२५ वर आणलं, त्यामुळे उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. त्याच केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते काढले. कारखान्यांनी त्यासाठी कर्ज काढून यंत्रं बसवली होती.

विचारायचा प्रश्न: ‘कमी पाण्याच्या पिकांना उसाइतकी खात्री देण्यासाठी डाळी आणि भरडधान्यांची खरेदी आपल्या जिल्ह्यात किती केंद्रांवर, कोणत्या तारखेपासून सुरू व्हावी असं तुम्ही मागाल? भूजलासाठी गाव पातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या अटल भूजल योजनेसारखं काम पुढे कायमचं चालावं, यासाठी निधी मागणार का?’

नदीखोऱ्यांचे तंटेही याच यादीत येतात. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा निवाडा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिला, पण गोवा आणि कर्नाटकातला वाद त्याने मिटला नाही. गोव्यातल्या दोन्ही लोकसभा मतदारसंघांतल्या उमेदवारांना आणि कृष्णा खोऱ्यातल्या आपल्या उमेदवारांनाही विचारायला हवं, की पक्षाची दिल्लीतली भूमिका आणि इथल्या सभेतली भूमिका एकच आहे का. शेजारच्या राज्यात त्यांचाच पक्ष उलटं बोलत असेल, तर ते लेखी दाखवा आणि उत्तर मागा.

सह्याद्रीचा अडकलेला निर्णय

पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर कस्तुरीरंगन गटाचा अहवाल २०१३ मध्ये आला. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणारी पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. मसुद्यांची मुदत संपत गेली, नवे मसुदे निघत गेले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. त्यात सहा राज्यांतलं ५६ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र येतं आणि त्यातलं १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातलं आहे. पहिल्या आणि सहाव्या मसुद्याच्या दरम्यान लोकसभेच्या तीन निवडणुका होऊन गेल्या.

याच काळात जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण, जुलै २०२१ मध्ये महाडजवळचं तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. माळीणमध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली. प्रत्येक दरडीचं कारण वेगळं असेल, अतिवृष्टीचा वाटा मोठा असेल. पण डोंगर कुठे तोडायचा आणि कुठे नाही, हे दहा वर्षांत ठरत नसेल, तर ते राज्यकर्त्यांचं अपयश आहे.

गावकऱ्यांच्या मनात भीती आहे, की अधिसूचना आली तर घरही बांधता येणार नाही. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प आणि अतिप्रदूषक उद्योगांवर, तसंच वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर. राहत्या घराच्या दुरुस्तीवर बंदी नाही. म्हणून प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा: ‘आमचं गाव यादीत आहे की नाही, मसुदा मराठीत ग्रामसभेपुढे कधी येणार आणि अंतिम अधिसूचना कोणत्या वर्षी निघावी, असं तुमचं मत आहे?’ उमेदवाराने विरोध केला तरी चालेल. पण त्याने आपली बाजू सांगायलाच हवी.

म्हातारपणाची तरतूद

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहायला तो साधारण २.१ लागतो. म्हणजे आज कमावत्या वयातल्या पिढीमागे येणारी पिढी लहान असणार आणि वृद्धांची संख्या वाढत जाणार. मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, आईवडील गावात, हे चित्र तर घरोघरी आहे.

दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतून केंद्र ६० ते ७९ वयापर्यंत दरमहा २०० रुपये देतं आणि ८० नंतर ५०० रुपये. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेखाली राज्य त्यात भर घालून रक्कम १५०० करतं. दोनशे रुपये आज काय असतात, ते औषधाच्या दुकानात उभं राहून पाहावं. रक्तदाब आणि मधुमेह असे दोन्ही असलेल्या आजींच्या महिनाभराच्या गोळ्याही त्यात बसत नाहीत. साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी आणि सहकारी संस्थांतून निवृत्त झालेल्यांच्या कर्मचारी पेन्शन योजनेतल्या (ईपीएस-९५) पेन्शनचा किमान आकडा २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरला. २०१९ ची निवडणूक झाली, २०२४ ची झाली, आणि तोवर दोन्ही आकडे जागचे हलले नव्हते.

इथे मागणी रकमेची असतेच. तिच्या जोडीला नियमाचीही मागणी करा: ‘महागाई निर्देशांकाबरोबर केंद्राचं निवृत्तिवेतन दरवर्षी आपोआप वाढेल, अशी तरतूद तुम्ही मागणार का? आणि त्यासाठी लागणारा पैसा कुठून येईल?’ एकदा वाढवलेल्या रकमेची किंमत महागाईत घटत जाते. नियम मात्र टिकतो.

शिक्षण, आरोग्य, नोकऱ्या

या तिन्हींवर प्रश्न थोडक्यात पण नेमके विचारता येतात. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा म्हटलं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. ती मुदत पाळली गेली नाही. उमेदवाराला विचारा: ‘तुमच्या पक्षाचा आकडा किती, आणि पहिल्या अर्थसंकल्पात त्यातली किती वाढ दिसेल?’

नोकऱ्यांबाबत ‘दोन कोटी की चार कोटी’ या वादात पडू नका. केंद्राच्या खात्यांत, रेल्वेत, बँकांत मंजूर पदं किती, रिकामी किती आणि भरतीचं वेळापत्रक कधी जाहीर होणार, हे विचारा. पेपरफुटीविरोधी केंद्रीय कायदा २०२४ मध्ये झाला. त्याखाली किती गुन्हे नोंदले आणि किती शिक्षा झाल्या, हे संसदेत विचारणार का, तेही विचारा. परीक्षेची तयारी करत पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना याहून जवळचा प्रश्न नाही.

मोजणी आणि वाटणी

हा विषय सभेत टाळ्या मिळवत नाही, पण पुढची पन्नास वर्षं त्यावर ठरतील. देशातली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झाली नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. दरम्यान अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर, सुमारे सात कोटी लाभार्थ्यांवर, थांबून राहिला. नव्याने लग्न होऊन आलेली सून, जन्मलेलं बाळ रेशन कार्डावर चढवायला गेलं की ‘इष्टांक संपला’ हे उत्तर का मिळतं, त्याचं एक कारण इथे आहे.

राज्याराज्यांतली लोकसभेच्या जागांची वाटणी अजून १९७१ च्या लोकसंख्येवर आहे. घटनेत घातलेली ही गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतची. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली, त्यांचं वजन फेररचनेत कमी व्हावं का? महाराष्ट्राच्या ४८ जागांचं काय होणार? पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, पण उपकर आणि अधिभार त्या वाटणीत येत नाहीत. या तिन्हींवर उमेदवाराचं मत विचारा. त्याला माहीत नसेल तर आठ दिवसांची मुदत द्या, पण उत्तर घ्या.

प्रश्न विचारायचा कसा

एकट्याने विचारलेला प्रश्न गर्दीत विरून जातो. दहा-पंधरा जण एकत्र या. बचत गट, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, दूध संस्था, सोसायटी, कॉलेजचा मित्रवर्ग, जे जमेल ते. सगळे विषय घेऊ नका. दोन घ्या. प्रत्येकी एक पान लिहा: स्थिती काय, केंद्राच्या हातात काय, आमचा प्रश्न काय.

हे काम उमेदवारी जाहीर होण्याआधी करा. पक्षांच्या जाहीरनामा समित्या निवडणुकीच्या काही महिने आधी सूचना मागवतात. तेव्हा गेलेलं एक पान प्रचाराच्या धामधुमीतल्या दहा निवेदनांना भारी असतं. निवडणूक जाहीर झाल्यावर तोच कागद सगळ्या प्रमुख उमेदवारांना एकाच दिवशी द्या. एकाच पक्षाला दिला तर तुमच्यावर शिक्का बसतो आणि प्रश्न मरतो.

प्रचारात उमेदवार पारावर किंवा सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं येतो. हार, नारळ, फोटो यांत ती संपतात. आधीच कार्यकर्त्यांना सांगून ठेवा, की सत्कार नको, दोन प्रश्न घ्या. मग शांतपणे, मोठ्याने वाचा. ‘ताई, आपण आलात, आनंद आहे. आमचे दोन प्रश्न आहेत. उत्तर आम्ही लिहून घेणार आहोत.’ उत्तर त्यांच्यासमोर लिहा, तारीख घाला, परत वाचून दाखवा. आवाज चढवण्याची गरज नाही. आपण जे बोललो ते लिहिलं गेलं, हे कळल्यावर माणूस जपून बोलतो.

जाहीरनामा हातात आला की त्यात पैशाचं कलम शोधा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक सूचना घातल्या. आश्वासनामागची कारणं आणि त्यासाठी लागणारा पैसा कसा उभा करणार, हे ढोबळमानाने सांगावं, असं त्यांत म्हटलं आहे. तुमच्या प्रश्नाला याचा आधार आहे. उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती, आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असते. तीही वाचा.

मतदानानंतरची पाच वर्षं

खरं काम इथून सुरू होतं. निवडून आलेल्या खासदाराला पहिल्या महिन्यात तोच कागद पुन्हा पाठवा, त्याच्या उत्तरासह. मग त्याच्या हातात कोणती साधनं आहेत ते ध्यानात ठेवा आणि त्यांचीच मागणी करा.

लोकसभेचा दिवस प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतो. रोज २० तारांकित प्रश्न लागतात, त्यांना मंत्री सभागृहात उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरं मिळतात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे अधिवेशनाच्या महिनाभर आधी तुम्ही प्रश्न लिहून दिलात, तर तो विचारला जाण्याची शक्यता असते. शून्य प्रहर आणि नियम ३७७ खाली मतदारसंघाचा विषय मांडता येतो. खात्यांशी निगडित २४ स्थायी समित्या आहेत. आपला खासदार कोणत्या समितीवर आहे ते शोधा, कारण खात्याच्या अनुदानाच्या मागण्या तिथे बारकाईने तपासल्या जातात. अशासकीय विधेयक मांडता येतं. १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही, पण त्याने विषय नोंदीवर येतो. लोकसभेच्या याचिका समितीकडे नागरिकांनाही खासदाराच्या सहीने अर्ज करता येतो.

संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचे प्रश्न आणि भाषणं तारखेसह मिळतात. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, हे लक्षात ठेवून ते पाहा. वर्षातून एकदा, अर्थसंकल्प झाल्यावर, गावात किंवा सोसायटीत एक तासाची बैठक घ्या: आपल्या दोन विषयांवर वर्षभरात संसदेत काय झालं. खासदाराला बोलवा. आले तर उत्तम, न आले तर नोंद करा आणि स्थानिक वर्तमानपत्राला द्या.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. त्यासाठीची रंगनाथ पठारे समिती २०१२ मध्ये नेमली गेली होती. पुराव्यांचा अहवाल तयार होता आणि मागणी चालू ठेवणारी माणसं होती, म्हणून सरकारं बदलली तरी ती टिकली. तुमच्या गावच्या पाण्यासाठी, आजीच्या पेन्शनसाठी, डोंगरासाठीही तसाच कागद आणि तशीच माणसं लागतील.

नेहमीच्या क्रमाने पुढची लोकसभा निवडणूक २०२९ मध्ये येईल. ती जाहीर होईपर्यंत थांबू नका. या महिन्यात दहा जण जमवा, दोन विषय निवडा, एक पान लिहा आणि ते आजच्या खासदाराला आणि उद्या त्यांच्याविरुद्ध उभे राहू शकतील अशा सगळ्यांना पाठवा.